उद्योजक होण्याची उमेदवारी

कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, भत्ता आणि संप यांविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती चुकीची आहे असेही नाही. तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो. कारखान्याच्या फाटकाशी बोललो, मोंढ्यातल्या हमालांच्या बैठकीत बोललो, लेबर ऑफिसच्या व्हरांड्यात बोललो. असे असता आज 'उद्योजक कसा घडतो' हा विषय आम्ही का निवडला, असे कोणी विचारील. याचे उत्तर सरळ आहे. या विषयात आम्ही एकदा सपशेल नापास झालो आहोत, आणि त्या नापासीची किंमत आमच्यापेक्षा आमच्या सोबत्यांनी अधिक मोजली. जो धडा इतका महाग पडला, तो चार लोकांना फुकट सांगावा, एवढाच हेतू.

आमचे शाळेतले शिक्षण नववीत सुटले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि माणसांत झाले. त्यामुळे या विवेचनात अर्थशास्त्राची परिभाषा थोडी आणि हिशेबाची वही अधिक आढळेल.

मराठवाड्यात 'धंदा' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. कोणाला तो पिढीजात वाटतो, म्हणजे ठरावीक आडनावांच्या घरी जन्म घेतल्यावाचून तो यायचा नाही. कोणाला तो नोकरी न मिळालेल्याचा शेवटचा आसरा वाटतो. या दोन्ही समजुतींमागे इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. नांदेडची उस्मानशाही मिल सोडली तर नाव घेण्यासारखे कारखाने बोटांवर मोजावे इतकेच. आणि तिचाही भोंगा थांबून आता वर्षे लोटली. कारखाना म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने उभारायचा आणि आपण त्यात हजेरी लावायची, हीच आमच्या दोन पिढ्यांची रीत. पुढे शिक्षण आले. लातूर पॅटर्नचे नाव महाराष्ट्रभर झाले, नांदेडलाही शिकवणी वर्गांची दाटी झाली, आणि शेतकऱ्याची मुले डॉक्टर-इंजिनियर होऊ लागली. याचा आम्हांला अभिमानच आहे. परंतु परीक्षेत प्रश्न दुसरा काढतो आणि त्याचे बरोबर उत्तर एकच असते. उद्योगात प्रश्नही आपणच शोधायचा असतो, आणि उत्तर बरोबर की चूक हे सहा महिन्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर कळते. हे शिक्षण कोठे मिळते, हाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम आमची हकीकत सांगतो. एका बंद पडलेल्या कारखान्यातले आमचे नऊ सोबती होते. हिशेब चुकता होऊन प्रत्येकाच्या हाती सुमारे दोन लाख रुपये आले. असा पैसा घरात आला की लग्न, घराची डागडुजी आणि पाहुणेरावळे यांत तो कसा विरतो, हे आम्ही पाहिले होते. म्हणून आम्हीच पुढाकार घेऊन म्हणालो, "आयुष्यभर दुसऱ्याचे यंत्र चालवले; आता आपले चालवू." लातूर ही तुरीची पेठ. डाळीचे गिरणीवाले आमच्या डोळ्यांसमोर मोठे झालेले. तेव्हा १८ लाख रुपये एकत्र करून लातूरच्या वेशीवर लहानशी डाळमिल घालायचे ठरले. शेड, यंत्र, विजेची जोडणी आणि वाळवणाचे अंगण यांत १३ लाख गेले. ५ लाख उरले. २०१६ च्या जानेवारीत नारळ फुटला. आम्ही भाषणही केले. त्या भाषणाची आठवण झाली की आज मान खाली जाते.

गिरणी चौदा महिने चालली.

चूक कोठे झाली हे समजण्यासाठी तुरीची डाळ होते कशी, हे थोडे पाहिले पाहिजे. तूर आधी चाळून निवडतात. मग एमरीच्या खरखरीत रोलरवरून काढून तिच्या सालीला ओरखडे पाडतात. तिला तेलाचा हात लावून ती मुरू देतात, उन्हात वाळवतात, पाणी मारून पुन्हा मुरवतात आणि वाळवतात. एवढे झाल्यावर साल सुटते आणि दाण्याची दोन दले वेगळी होतात. या सर्वांस चार-पाच दिवस जातात, पावसाळ्यात त्याहून अधिक. आणि शंभर किलो तुरीतून शंभर किलो डाळ निघत नाही. सत्तर ते पंचाहत्तर किलो निघते. बाकी चुनी, भुसा आणि घट.

आमच्या सोबत्यांनी, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही, पहिला हिशेब असा केला : तूर ९,००० रुपये क्विंटल, डाळ १३,००० रुपये क्विंटल, म्हणजे क्विंटलमागे ४,००० सुटतात. आकडे समजण्यासाठी सोपे करून घेतले आहेत, परंतु चूक अगदी हीच होती. खरा हिशेब निराळा आहे. एक क्विंटल तुरीची ७२ किलो डाळ धरा. तिचे १३० रुपये किलोने ९,३६० रुपये आले. चुनी-भुशाचे ४०० धरा. एकूण ९,७६०. त्यातून तुरीचे ९,००० वजा केले की उरले ७६०. चार हजार दिसत होते ते साडेसातशेवर आले! आणि हे ७६० काही नफा नव्हेत. यातून वीज, तेल, पोती, हमाली, टेंपोचे भाडे आणि व्याज भागवायचे आहे. दिवसाला दहा क्विंटल तूर काढली तर ७,६०० रुपये. नऊ माणसांची मजुरी त्या वेळच्या चारशे रुपये रोजाने ३,६००. मग बाकी खर्चाला उरले ४,०००. परंतु मजुरी आम्ही हिशेबात धरलीच नव्हती. घरचेच काम, त्याला मजुरी कसली, असे सगळे म्हणाले. जन्मभर मजुरीसाठी भांडलेल्या नऊ माणसांनी, आणि त्यांच्या पुढाऱ्याने, स्वतःची मजुरी शून्य लिहिली. यापरते आश्चर्य ते कोणते?

दुसरी चूक याहून मोठी होती, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. तिचे नाव खेळते भांडवल. तुरीचे पैसे अडत्याकडे रोख मोजावे लागतात. ती तूर गिरणीच्या कोठारात सहा दिवस पडून राहते, प्रक्रियेत पाच दिवस जातात, पोती भरून माल रवाना व्हायला चार दिवस, आणि दुकानदार पैसे देतो तो वीस दिवसांनी. बेरीज करा : पस्तीस दिवस. आज तुरीत घातलेला रुपया पस्तीस दिवसांनी घरी येतो. दिवसाला दहा क्विंटल म्हणजे ९०,००० रुपयांची तूर. पस्तीस दिवसांची झाली ३१,५०,०००. आमच्याजवळ होते ५ लाख, म्हणजे साडेपाच दिवसांचे. यंत्राला लागणारा पैसा सर्वांना दिसतो, त्याला कर्जही मिळते, त्याच्यापुढे नारळही फुटतो. यंत्राच्या पोटात रोज घालावा लागणारा पैसा कोणाला दिसत नाही. लहान कारखान्यांपैकी कितीतरी यंत्र बिघडल्यामुळे बंद पडत नाहीत. ते उपासमारीने पडतात.

तिसरी चूक धीर सुटल्यावर झाली. २०१५ च्या अखेरीस तूर क्विंटलला दहा हजारांच्या वर गेली होती, हे आपल्या स्मरणात असेल. पुढे २०१६ चा तो भयंकर उन्हाळा आला. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; डाळीला मारायलाही पाणी विकत घ्यावे लागे. भांडवल आटत चाललेले. तेव्हा सोबत्यांनी ठरवले की एकदाच मोठा डाव खेळू. ओळखीवर माल उचलला, सावकारी व्याज पत्करले आणि भाव पुन्हा चढेल या आशेने तूर साठवली. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, देशात तुरीचे विक्रमी पीक आले आणि २०१७ च्या आरंभी भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाच्याही खाली घसरला. मार्चमध्ये शेडला कुलूप लागले. नऊ घरांतली पुंजी गेली. एका घरातले मुलीचे शिक्षण थांबले. तिचे वडील आम्हांला कधी दोष देत नाहीत, आणि तेच आम्हांला अधिक लागते.

यानंतर आम्ही पुस्तके उघडली. उद्योजकता जन्मजात असते की शिकवता येते, हा प्रश्न आमचा एकट्याचा नाही, असे दिसून आले. हार्वर्ड विद्यापीठातील डेव्हिड मॅक्क्लेलंड या मानसशास्त्रज्ञाने हाच प्रश्न घेऊन आपल्या शेजारी, हैदराबादेस, १९६४ साली एक प्रयोग आरंभला. आंध्रातील काकिनाडा गावचे छोटे व्यापारी-कारखानदार त्याने तेथील लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत बोलावले आणि त्यांना सुमारे दहा दिवसांचे शिक्षण दिले. पुढील दोन वर्षे त्यांच्यावर नजर ठेवली. शिक्षण घेतलेल्यांपैकी साधारण निम्म्यांनी धंद्यात काही नवे पाऊल टाकल्याचे आढळले. तशाच परंतु शिक्षण न घेतलेल्या व्यापाऱ्यांत हे प्रमाण पावाच्या आसपास होते. आणखी एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. माणूस कोणत्या जातीचा, त्याचा पेहराव देशी की विलायती, यावरून कोण पुढे जाईल हे ठरले नाही.

याच मॅक्क्लेलंडचा एक साधा खेळ आहे. जमिनीत खुंटी रोवायची आणि तिच्यावर कड्या फेकायला सांगायचे. उभे कोठे राहायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. काही जण खुंटीला चिकटून उभे राहतात : कडी पडणारच, त्यात पुरुषार्थ नाही. काही फार लांबून फेकतात : पडली तर नशीब, नाही तर तेही नशीब. ज्याला काही साधायचे असते तो मधल्या अंतरावर उभा राहतो. तेथून कडी पडेलच असे नाही. परंतु सरावाने नेम सुधारतो. हा खेळ वाचला तेव्हा आमचे नऊ सोबती आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. वीस वर्षे खुंटीला चिकटून काढलेली माणसे, आणि आम्ही त्यांना एकदम मैदानाच्या टोकाला नेऊन उभे केले. मधल्या अंतरावर उभे राहायला त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. लोक म्हणतात उद्योजक म्हणजे धाडसी माणूस. आमच्या मते उद्योजक म्हणजे आपले अंतर ओळखणारा माणूस. धाडस जुगाऱ्यातही असते.

हे अंतर ओळखायला शिकतात कसे? याचे उत्तर आपल्या मराठी मुलखातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घेतले की आपण किर्लोस्करवाडी आणि लोखंडी नांगर यांपाशी येऊन थांबतो. परंतु त्याच्या आधीची वर्षे मोजून पाहावीत. १८६९ साली जन्मलेला हा गृहस्थ मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवीत असे. बंधूंच्या साहाय्याने बेळगावला सायकलींचे दुकान १८८८ मध्ये निघाले. म्हणजे पहिला माल दुसऱ्याने केलेला. यांनी फक्त विकायचा. नोकरीत बढती डावलली गेल्यावर ते बेळगावला आले. मग कडबा कापण्याची यंत्रे केली, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. तो नांगर घ्यायला दोन वर्षे गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासेल अशी शेतकऱ्यांची भीती. तरी धंदा बुडाला नाही, कारण सगळे ओझे एका नांगरावर टाकलेले नव्हते. औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली ती १९१० मध्ये. सायकलीच्या दुकानापासून कारखान्याच्या गावापर्यंत बावीस वर्षे झाली. आधी विक्री, मग छोटे यंत्र, मग मोठे यंत्र, आणि सर्वांत शेवटी कारखान्याची वसाहत, असा हा क्रम आहे.

आणि हा क्रम एकट्यादुकट्या मोठ्या माणसाचाच आहे असे नव्हे. इंग्लंडातील रॉचडेल गावी १८४४ साली अठ्ठावीस कामगारांनी प्रत्येकी एक पौंड घालून सहकारी दुकान काढले. पीठ, ओटचे पीठ, लोणी, साखर आणि मेणबत्त्या एवढाच माल. गिऱ्हाईक कोण, तर ते स्वतः आणि त्यांचे शेजारी. पिठाची गिरणी त्यांनी चालवली ती काही वर्षे दुकान चालल्यानंतर, १८५० मध्ये. ते कामगारच होते, आमच्यासारखेच गरीब होते. फरक इतकाच की त्यांनी दुकानापासून आरंभ केला आणि आम्ही गिरणीपासून.

आमच्या नऊ जणांपैकी एकाने हा क्रम पुस्तक न वाचता गाठला. गिरणी बंद पडल्यावर तो दुसऱ्याच्या डाळमिलमध्ये वसुलीच्या कामाला लागला. दोन वर्षे उदगीर, नांदेड, निझामाबाद अशा पेठा त्याने पायाखाली घातल्या. कोणता दुकानदार वेळेवर पैसे देतो, कोण बिल दाबून ठेवतो, कोणाला बारीक डाळ चालते आणि कोणाला पॉलिश लागते, हे सारे त्याच्या ध्यानात बसले. २०१९ मध्ये तीस हजार रुपयांवर त्याने आरंभ केला. यंत्र नाही, शेड नाही. दुसऱ्याच्या गिरणीची डाळ घ्यायची, घरी निवडून पाच-पाच किलोच्या पिशव्या भरायच्या आणि लातुरात शिकायला आलेल्या मुलांच्या खानावळींना पोहोचवायच्या; पैसे आठ दिवसांनी. पस्तीस दिवसांचा फेरा त्याने आठ-दहा दिवसांवर आणला. २०२० मध्ये टाळेबंदी आली, खानावळी ओस पडल्या. डोक्यावर यंत्राचे कर्ज असते तर तो पुन्हा बुडाला असता. कर्ज नव्हते, घरोघरी पिशव्या विकून त्याने दिवस काढले. २०२२ मध्ये त्याने जुने यंत्र घेतले. आज सहा माणसे कामाला आहेत.

मागल्या वर्षी आम्ही त्याच्याकडे गेलो. त्याने वही पुढे केली. पहिल्याच रकान्यात मजुरी होती, आणि तीत त्याची स्वतःचीही होती. तो म्हणाला, "अण्णा, मागच्या खेपेला आपण आधी मशीन आणलं अन् मग गिऱ्हाईक हुडकत बसलो. या खेपेला आधी गिऱ्हाईक बघितलं, मग मशीन." आम्ही तीस वर्षे भाषणे करतो, परंतु इतके थोडक्यात आम्हांला कधी सांगता आले नाही.

आता तरुण श्रोते विचारतील, आम्ही शिकावे कोठे? साधने नाहीत असे नाही. प्रत्येक जिल्ह्यास जिल्हा उद्योग केंद्र आहे. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ साली आपल्या मराठवाड्यातच, तेव्हाच्या औरंगाबादेस, स्थापन झाले. केंद्र सरकारचा रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासूनचा, राज्याचा २०१९ पासूनचा. त्यांत बँकेचे कर्ज, सरकारी अनुदान आणि प्रशिक्षण यांची सांगड घातलेली आहे. त्यांचा लाभ जरूर घ्यावा. मात्र एक सांगून ठेवतो. अनुदानासाठी उद्योग काढणारा माणूस अनुदानाबरोबरच संपतो. केंद्राच्या योजनेत अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकवून ठेवतात, ते याच कारणासाठी. आणि दहा-पंधरा दिवसांचे प्रशिक्षण म्हणजे पोहण्याचे पुस्तक. नदी पुढेच आहे. म्हणून ज्या धंद्यात पडायचे, त्या धंद्यात आधी वर्ष-दोन वर्षे पगारी उमेदवारी करावी. आणि तीही यंत्रापाशी नव्हे तर खरेदी, विक्री आणि वसुली यांच्यापाशी. तेवढ्या काळात तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. माझा माल कोण घेईल, त्याचे नाव काय? माझा रुपया किती दिवसांनी परत येईल? आणि सर्वांची मजुरी, माझीही धरून, दिल्यावर काय उरेल? या तिन्हींची उत्तरे आली नाहीत तर आपण अजून खुंटीपासून फार लांब उभे आहोत, असे समजावे आणि दोन पावले पुढे यावे.

आमचे काही सहकारी म्हणतात, "कामगारांच्या संघटनेने मालक घडवण्याचा उद्योग का करावा?" त्यांची शंका प्रामाणिक आहे. परंतु आम्ही पाहतो ते असे : पोराला शेती पुरत नाही, कायम नोकरी मिळत नाही, आणि कंत्राटी कामात तिशीपर्यंत वय निघून जाते. त्यातले काही जण धंद्यात पडणारच आहेत. प्रश्न एवढाच की ते शिकून पडतील की पडून शिकतील. शिवाय ज्या कामगाराला मालाची पडतळ काढता येते, त्याला वाटाघाटीच्या टेबलावर कोणी 'परवडत नाही' या दोन शब्दांत गप्प करू शकत नाही. आणि ज्या उद्योजकाने मजुरी पहिल्या रकान्यात लिहिली, तो ती बुडवणार नाही; शेवटच्या रकान्यात लिहिणाऱ्याच्या हाती ती द्यायला काही उरतच नाही. हे शिक्षण दोन्ही बाजूंच्या कामाचे आहे.

म्हणून संघटनेच्या कार्यालयात आम्ही आता दर रविवारी एक वर्ग चालवतो. त्यात घोषणा नसतात; तुरीचा, टेंपोच्या भाड्याचा आणि उधारीचा हिशेब असतो. पहिल्या दिवशी आम्ही फळ्यावर आमच्याच बुडालेल्या गिरणीचा जमाखर्च लिहितो आणि चूक कोठे झाली ते मुलांना शोधायला सांगतो. ज्या घरातली पुंजी बुडाली, त्यांतल्या एकाची ती मुलगी त्या वर्गात येते. तिचे अडलेले शिक्षण तिने पुढे पुरे केले. मजुरीचा शून्य तिने पहिल्या दहा मिनिटांत शोधून काढला.